न विरघळलेला स्क्रू

टेकचंदने रुमालाची गाठ सोडली आणि राखेने माखलेला स्क्रू डॉक्टरांच्या टेबलावर आपटला.

"हा विरघळनार होता न, साहेब? माह्या बापाच्या राखेत सापडला."

डॉक्टर शांतपणे कपाटातली जुनी फाईल शोधू लागले. त्यामुळे टेकचंदचा क्रोध अधिकच भडकला. दवाखान्याची पाटी उतरवूनच परतायचे, या निश्चयाने तो पवनीहून भंडाऱ्याला आला होता.

तीन वर्षांपूर्वी त्याचे पिता, वृद्ध विणकर भैयाजी, यांचा घोटा मोडला होता. तेव्हा याच डॉक्टरांनी समजावले होते की, मॅग्नेशियमचा स्क्रू हाड जुळल्यावर शरीरातच विरून जाईल; सुताला खळ द्यावी तसा त्यावर लेप दिलेला आहे, म्हणून तो घाईने विरणार नाही. स्क्रू काढायला म्हाताऱ्याला पुन्हा कापावे लागू नये, म्हणून टेकचंदने आपला एक हातमाग विकून तो महागडा स्क्रू बसवून घेतला होता.

फसवणूक झाली, पण एक वचन आपण पाळले, एवढेच त्याला समाधान होते. शेजारच्या हिरालालशी भैयाजींचे बारा वर्षांचे वैर होते. "त्याच्या घरच्याचा हात माह्या राखेले लागू देऊ नोको," असे ते शेवटच्या आजारात म्हणाले होते. दैवाचा खेळ असा की, दोघेही एकाच दिवशी वारले आणि घाटावर शेजारी-शेजारी जळले. रस्त्याने आत शिरताना उजव्या ओट्यावर भैयाजी, डाव्या ओट्यावर हिरालाल.

तिसऱ्या दिवशी हिरालालच्या मुलांचे तोंड दिसू नये म्हणून टेकचंदने तो रस्ता टाळला. पहाटेच्या धुक्यात, नदीच्या बाजूने, तो घाट चढला. कोणाला काही विचारायचे नव्हतेच. उजव्या ओट्यावरची राख त्याने सावडली, स्क्रू रुमालात बांधला आणि अस्थी वैनगंगेत सोडून पित्याच्या ऋणातून मोकळा झाला.

डॉक्टरांनी दोन एक्स-रे उजेडाकडे धरले. पहिल्यात भैयाजींच्या घोट्यात स्क्रू होता. गतवर्षीच्या दुसऱ्यात नुसते हाड होते.

"मंग हा कोनाचा?" टेकचंदचा आवाज चढला. "राख तं मी माह्या हातानं सावडली."

डॉक्टरांनी स्क्रू पुसला आणि उलटून पाहिला.

"हे पोलाद आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या मोहल्ल्यात मी ते एकालाच बसवलं. 'भैयाजीच्या पायात हाये ते मले नोको,' असं म्हणाले होते हिरालालजी."