अत्तराचा फाया

झाडूच्या हिरानं दत्तोबांनी कोळ्याच्या मादीच्या मागं चिकटलेली अंड्यांची गाठ अलगद सोडवली, उडवून बाजूला टाकली आणि जास्वंदीखाली उकिडवे बसून मजा बघायला लागले.

ही जाळं विणणारी नव्हे. जमिनीवर पळणारी. मातकट अंग, पाठीवर राखाडी पट्टा, पुढं दोन टपोरे डोळे. दबा धरून बसायची न् मुंगळा दिसला की झडप! आता मात्र मुंगळा समोरून गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. गोल गोल फिरत माती चाचपत होती.

"क्या ढूंढ रहे अम्मा?" दत्तोबा हसले. कानातला अत्तराचा फाया काढला, बारीक गोळी वळली आणि तिच्यापुढं टाकली. तिनं पायांनी चाचपली. थांबली. मग ओढून घेतली, स्वतःच्या दोऱ्यानं मागं चिकटवली आणि निघाली.

दत्तोबांनी मांडीवर थाप मारली. "फसली! आता हिन्याच्या वासाची पोरं होणार!"

"कोणाला फसवलं, दादा?"

फाटकातून मालनबाई आत आल्या. गाव सोडून त्या अंबरपेठेत बहिणीकडं राहत होत्या, दत्तोबांच्या शेजारी. मुलगा नरहर रझाकारांशी लढायला संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेला. निजाम शरण येऊन तीन महिने झाले, बाकीची पोरं परतली. तो नाही.

"पत्र आलं का?"

"हौ, आलंय की!" दत्तोबा टपालात होते. खिशातून पाकीट काढलं. आधीच्या तिन्ही पत्रांसारखं हेही त्यांनीच कचेरीत बसून लिहिलं होतं. नरहरला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण बाईंना वाचता येत नव्हतं, आणि चार दिवस उपाशी असलेल्या त्या पहिलं पत्र ऐकून जेवल्या होत्या. मग दत्तोबांना चटकच लागली.

"'तीर्थरूप आईस, साष्टांग नमस्कार. सोलापुरात गिरणीत काम लागलंय. संक्रांतीला येतो...'"

मालनबाईंचं लक्ष खाली होतं. पांढरी गोळी ओढत ती कुंडीमागं चालली होती.

"हे काय चिकटवलं तिला?"

"कापूस. गंमत हो! तिला काय कळतंय?"

"आणि खरी गाठ?"

दत्तोबांनी पानं उलटून पाहिली. गाठ सापडली. मुंग्यांनी फोडली होती.

"देतो की दुसरी..." ते बोलून गेले, आणि त्यांची नजर हातातल्या पत्रावर गेली.

मालनबाई पायरीवर टेकल्या. "आमच्या घरात चार दीर. त्यांचं ऐकून नरहर मला वहिनी म्हणतो. बोलायला लागल्यापासून. आई कधीच म्हणाला नाही."

दत्तोबांनी मान वर केली. "म्हणजे तुम्हाला... पहिल्याच पत्राला...?"

"हौ."

"मग बोलला का नाहीत, बाई?"

मालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"तुम्ही वाचायचं थांबला असता."

दत्तोबा पत्राची घडी घालायला लागले. चारदा घातली तरी घडी नीट बसेना. मालनबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला, उलगडला, मांडीवर सरळ केला आणि पुन्हा त्यांच्यापुढं धरला.

"वाचा. फक्त वहिनी म्हणा."