वरची जाळी

पाठीमागचा पंखा उलटा बसविलेला होता. संगणकाच्या पेटीचे झाकण काढताच ते बुद्धरत्नाच्या ध्यानात आले. दोन्ही पंखे हवा आतच ओढीत होते आणि तापलेल्या हवेस बाहेर पडावयास वाट नव्हती. त्यातून वरच्या जाळीवर धुळीच्या भयाने प्लास्टिक चिकटविलेले. म्हणूनच तेजलचा तो चिमुकला संगणक थोड्याच वेळात तापून आपोआप बंद पडे आणि तिचे कॉलेजचे प्रोजेक्ट पुढे सरकत नसे.

वास्तविक बुद्धरत्न आला होता मोशीतील या घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने पाहावयास. चाकणच्या कंपनीत तो नुकताच कायम झाला होता. पत्नी तान्ह्या बाळासह नांदेडला माहेरी होती, आणि खोलीवाचून तिला आणणे शक्य नव्हते. आजवर पाहिलेली प्रत्येक खोली त्याचे नाव कळताच आधीच दिलेली निघाली होती. येथे मात्र नाव विचारले जाण्यापूर्वीच तेजलचा संगणक बंद पडला. ती रडकुंडीस आली. त्याने स्क्रूड्रायव्हर मागितला आणि तो खाली बसला.

"भाऊ, न्हाणीतल्या बंबावानी तापतंय बगा त्ये डबडं," तेजलचे आजोबा, घरमालक तात्याबा म्हणाले. "आमची म्हातारी त्याच्यावर भाकरी भाजंल."

"आता चुलीवरच भाजा म्हणावं, काका," बुद्धरत्न हसला.

त्याने पंखा फिरवून बसविला. जाळीवरचे प्लास्टिक सोलून काढले. धूळ झाडली, पेटी भिंतीपासून पुढे ओढली आणि यंत्र सुरू केले. जाळीवर तळहात धरला. गरम वारा सरळ वर येत होता. तेजल कामास बसली. बराच वेळ लोटला, तरी यंत्र थांबले नाही. तिच्या मुखावर प्रथमच हास्य उमटले.

"लेकरा, खोली तुलाच," आजी रतनबाई चहाचा कप पुढे करीत म्हणाल्या. "सूनबाईला घिऊन ये लवकर. बाळाला मी न्हाऊ घालीन."

"व्हय, ठरलं." तात्याबांनी खिशातून किल्ली काढली. "तुमचं नाव इचारायचंच ऱ्हायलं की, भाऊ."

"बुद्धरत्न सोनकांबळे."

रतनबाईंनी कप त्याच्या हाती दिला नाही. तो त्यांनी जमिनीवर ठेवला. तात्याबांची किल्ली पुन्हा खिशात गेली.

"आरं, आमच्या भाच्यानं खोली मागितली हाय. आत्ता ध्यानात आलं बग."

बुद्धरत्न उठला. "येतो, काका," एवढेच म्हणाला. चहा तेथेच राहिला.

तो गल्लीच्या टोकाशी पोहोचला, तोच पाठीमागून हाक आली. "दादा! ओ दादा! लवकर या ना!" दारात तेजल उभी होती. बाळाचे मुख त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. माणसांची मने पालटतात, असा विचार करीत तो अक्षरशः धावत परतला.

संगणकाचा पडदा काळा पडला होता. बुद्धरत्न बसला होता ती फरशी ओली होती. टेबल ओले होते. रतनबाईंच्या एका हाती तांब्या आणि दुसऱ्या हाती तुळशीची डहाळी होती. नुकत्याच मोकळ्या केलेल्या जाळीतून पिवळसर थेंब आत उतरत होते, आणि जळक्या तारेचा वास सुटला होता. तेजलने सर्व पाहिले होते. ती खाली पाहू लागली.

"चालतं मशीन घालवलंस," तात्याबा म्हणाले. "बरं झालं, खोली दिली न्हाई."

"काका, आत वल गेलीय, बघा की..." बुद्धरत्नाने जाळीकडे बोट दाखविले.

रतनबाईंनी कपाळास हात लावला.

"तुजा हात लागल्यावर काय व्हनार दुसरं? अख्खा तांब्या गोमूत्र शिपलं म्या, तरी वाचलं न्हाई!"