पुलापर्यंत

“नदी तिकडे आहे. खाली फरशीत काय सापडणार आहे तुला?” चाकांच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

सुनेने मान वर केली, नदीकडे बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा खुर्ची ढकलायला लागली. कपाळावर घाम होता, पण तो पुसायलाही तिने दांड्यावरचा हात काढला नाही.

नदीकाठच्या त्या बागेत संध्याकाळची बऱ्यापैकी गर्दी होती. पाण्याच्या कडेने फरशीचा रस्ता, त्याच्या एका बाजूला बाकं आणि पार टोकाला जुना दगडी पूल. दोघींना त्या पुलापर्यंत जायचं होतं. पण वेग असा, की नुकती चालायला लागलेली पोरंसुद्धा त्यांना मागे टाकून जात होती.

सासूबाई म्हणजे काटक बाई. पायांत नाड्या घट्ट बांधलेले बूट, मांडीवर किराणा मालाची भलीमोठी पिशवी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

“अंग टाकू नकोस खुर्चीवर. सरळ उभी राहा.”

“हो, आई.”

“हो म्हणतेस आणि वाकतेसच.”

बाकावर बसलेल्या एका गृहस्थांना हे ऐकवेना. ते बँकेतले निवृत्त कॅशियर. लेकीकडे चार दिवस राहायला आले होते आणि या बागेत आज पहिल्यांदाच पाय ठेवत होते. माणूस भला, पण दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. ते उठून खुर्चीजवळ गेले.

“वहिनी, पोरगी दमलीय. थोडा वेळ मी ढकलतो.”

“नको,” सासूबाई म्हणाल्या.

“अहो, हात कापताहेत तिचे.”

“दिसतंय मला. कापू देत.”

कॅशियरसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तर ती कसनुसं हसली. “राहू द्या, काका. अटच आहे तशी. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.”

“कुणाची अट?”

“ह्यांची.”

म्हणजे नवराही त्यातलाच. कॅशियरसाहेब बाकावर परत गेले नाहीत. चार पावलं मागे राहून चालायला लागले. वाटेत बागेचा माळी भेटला. तो या दोघींना ओळखत असावा, कारण हातातला पाण्याचा पाइप तसाच धरून तो टक लावून बघत राहिला. पाणी त्याच्याच चपलांवर पडत होतं. पण मदतीला तोही पुढे आला नाही. काय माणसं आहेत इथली, कॅशियरसाहेबांच्या मनात आलं.

मामला असा होता. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मागे जिन्यात पडण्याचा तो प्रकार झाला आणि तेव्हापासून मुलाने घर बदलायचा धोशा लावला. गावाबाहेर तळमजल्याचं एक घर त्याने बघूनही ठेवलं होतं. आईने घर न सोडण्याचा हट्ट धरला, तेव्हा शेवटी तो एवढ्यावर आला, की दोघींनी कुणाच्याही मदतीशिवाय पुलापर्यंत येऊन दाखवावं, मग घराचं नाव काढणार नाही. तो पुलाशीच थांबला होता.

पुलाकडे रस्ता जरासा चढतो. तिथे सून थांबली.

“आई, नाही होणार माझ्याच्याने.”

“मग नको करूस,” सासूबाई म्हणाल्या. “उद्या तो दलालाला हो म्हणून येईल. खाली तुझं शिवणाचं दुकान आहे, त्याला कुलूप लावू. त्या नव्या घरात मी भिंतींशी गप्पा मारीन, तू छताकडे बघत बस. चालेल?”

“नाही चालणार.”

“मग?”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सासूबाईंनी मागे न बघताच हात मागे नेला आणि तिच्या बोटांवर ठेवला. आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. “खुर्ची मागे येईल याची भीती नको. ब्रेक माझ्याकडे आहे. तू फक्त पाऊल टाक.”

खुर्ची हलली. मधेच थांबली, पुन्हा हलली. सासूबाई आता एक शब्द बोलत नव्हत्या. मागे कॅशियरसाहेबांच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. दोनदा त्यांचा हात आपसूक पुढे गेला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला.

पुलाच्या कठड्याशी एक मध्यमवयीन माणूस उभा होता. खुर्ची त्याच्यापाशी जाऊन टेकली आणि कॅशियरसाहेबांचा बांध फुटला.

“तुम्हीच का ते अटी घालणारे? आईला फिरवायची हौस असेल तर स्वतः फिरवा. बायकोला कसलं जुंपता? माणूस आहे ती.”

त्या माणसाने ते ऐकलंच नाही. तो नुसता बायकोकडे बघत होता. चेहरा रडवेला झाला होता.

“घराचं काय?” सासूबाईंनी विचारलं.

“राहू दे, आई,” कसंबसं तो म्हणाला. “नाही म्हणून कळवतो.”

सासूबाईंनी ब्रेक लावला. पिशवी उचलून मुलाच्या हातात दिली आणि टुणकन उडी मारल्यासारख्या उठून उभ्या राहिल्या.

“बस गं आता तुझ्या खुर्चीत,” त्या सुनेला म्हणाल्या. “परतीला नेहमीसारखी मी ढकलते.”