लवकर सुट्टी

"बाई, आज जरा लवकर जाऊ का?"

म्हातारी हात जोडून मशीनपाशी उभी होती. मशीनवर बसलेल्या बाईने मान वर केली नाही. पायाशी उशांच्या अभ्र्यांचा ढीग पडला होता. लॉजवाल्याचा माणूस सकाळी माल न्यायला येणार होता.

"मावशी, एवढं काम पडलंय आणि मधेच काय तुमचं? बसा. धागे कापायचे राहिलेत."

म्हातारी जागेवर जाऊन बसली. कात्री उचलली.

मावशी म्हणायची सवय अलीकडे लागली होती. खरं तर म्हातारी तिची सख्खी आई.

आईच्या डोक्यातून माणसं एकेक करून निघून चालली, गॅस पेटता ठेवून ती रस्त्यात जाऊन उभी राहायला लागली, तेव्हा मुलीने दुकानातली नोकरी सोडली. घरात बसून पोट कसं भरायचं? शिवण तेवढं येत होतं. मागच्या खोलीतला पलंग बाहेर काढला, दोन मशिनं टाकली, शेजारच्या वहिनीला हाताशी घेतलं आणि लॉजना अभ्रे, चादरी शिवून द्यायला सुरुवात केली. पहिल्याच मालात निम्मे अभ्रे उशांना आखूड झाले. "उशा कापा म्हणावं," वहिनी म्हणाली. दोघी हसत हसत उसवत बसल्या. पुढे जम बसला.

मशीनचा आवाज सुरू झाला की आई शांत व्हायची. तिचा जन्म कपड्यांच्या कारखान्यात धागे कापण्यात गेला होता. कात्री हातात दिली की बोटं आपोआप चालायची. पण मग एक दिवस ती मुलीला 'बाई' म्हणाली. मुलगी म्हणाली, "अगं आई, मी आहे ना." तशी म्हातारी गांगरली. "माझं काही चुकलं का बाई?" म्हणत रडायलाच लागली. त्यानंतर मुलीने नाद सोडला. ती बाई झाली आणि आई मावशी. वहिनी चेष्टा करायची, "नशीबवान मालकीण हो तुम्ही. बिनपगारी माणूस मिळालं."

दोरा संपला म्हणून मशीन थांबलं. म्हातारी वहिनीशी हळू आवाजात बोलत होती.

"नाहीच म्हणणार. रोज विचारते, रोज नाही. वर सांगतात, जमत नसेल तर येऊ नका. न येऊन चालेल का? घरात कमावतं कोण आहे दुसरं? पोरगी शाळेतून येऊन पायरीवर बसलेली असते. शेजारणी बोलावतात, तर जात नाही. तिला वाटतं, आईलाच घरी यायचं नसतं."

"मग तिला सांगायचं ना तसं," वहिनी म्हणाली.

"काय सांगायचं? आई लोकांपुढे हात जोडते म्हणून? लहान आहे हो ती."

मुलीच्या हातातलं रीळ हातातच राहिलं.

पायरी तिला आठवत होती. गार, एका कोपऱ्याला फुटकी. गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांच्या आया दिसायच्या, हिचीच दिसायची नाही. एकदा अंगात ताप असताना ती तशीच अंधार पडेपर्यंत बसली होती, आणि आई आल्यावर म्हणाली होती, "तुला कारखानाच आवडतो. मी नाही आवडत." आईने ताट वाढलं होतं. तेव्हापासून मुलीने वाट बघणं सोडलं, आणि बोलणंही कामापुरतं ठेवलं. पुढे आईला सांभाळलं, तेही करायला हवं म्हणून. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. ते ऐकून तिला कधी बरं वाटलं नाही. आपण आईला माफ केलेलं नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं.

आणि आत्ता, मान वर न करता, आपणही तिला 'बसा' म्हणालो.

ती उठली. "मावशी, ठेवा ती कात्री. तुम्हाला सुट्टी."

"आत्ता?"

"आत्ता. आणि यापुढे रोज लवकर जायचं."

"पगार नाही ना कापणार?"

"नाही."

"आणि हा ढीग?"

"तो माझा मी बघते."

म्हातारीने कपड्यांवरचे धागे झटकले, केसांवरून हात फिरवला. चपला उलटसुलट घातल्या, पुन्हा काढून नीट घातल्या. मुलीने वहिनीला हळूच सांगितलं, "मागच्या दाराने न्या, आणि बोळातून वळसा घालून पुढच्या दाराशी आणा." म्हातारीचा हात धरून वहिनी बाहेर पडली.

मुलगी घरातून धावतच पुढच्या दाराशी आली आणि त्याच फुटक्या पायरीवर बसली. अजून ऊन होतं. केस पिकलेली बाई अशी पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसलेली पाहून समोरचा इस्त्रीवाला बघतच राहिला. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती गल्लीच्या तोंडाकडे पाहत होती.

आई वळणावर दिसली. वहिनीचा हात सोडून ती पुढे निघाली होती, जवळजवळ पळतच. एवढ्या घाईने आई आपल्याकडे येताना मुलीने जन्मात पाहिली नव्हती.

"आई," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी म्हणाली.

म्हातारी पायरीपाशी थांबली. धापा टाकत तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या पाठीमागे, दाराआड, दोन्ही बाजूंना पाहिलं.

"बाई, इथे माझी मुलगी बसते," ती म्हणाली. "आज मी लवकर आले, तर नेमकी कुठे गेली हो ती?"