दुसरी सही

"माझ्या सहीशिवाय तुला कोण कर्ज देतंय?" वेगळं राहायला जाताना हेमंत वृंदाला म्हणाला होता. आज फ्लॅटचं कर्ज नव्या बँकेत नेऊन त्याचं नाव काढायचं होतं, तर स्वारी कडक इस्त्रीत हजर!

"मॅडम, तुमच्या एकट्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही," मॅनेजर म्हणाले. "सहअर्जदार लागेल."

हेमंतने ऐटीत पेन काढलं. "राहू दे मग माझंच नाव."

तेवढ्यात पेन्शनचे कागद घेऊन सासूबाई आल्या, त्यांनी ते पेन काढून घेतलं आणि सहअर्जदाराच्या जागी ठसठशीत सही ठोकली.

"मुलीसाठी आलात वाटतं?" मॅनेजरनी विचारलं.

"छे! मी ह्याची आई."



"घर सोडून तू गेलास, मी नाही," हेमंतला पेन परत करत त्या म्हणाल्या. "आता किल्ली दे. येशील तेव्हा बेल वाजव."

वृंदाने तळहात पुढे केला.