शिंगांचं माप

"शहाण्णव," सासऱ्यांनी शिंगाच्या टोकाशी टेप दाबून आकडा वाचला. "लिही."

ईप्सिताचं पेन हललंच नाही. टेपवर स्वच्छ नव्वद होते.

जर्मनीत एर्लांगेनजवळच्या गावातलं सासऱ्यांचं घर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी मारलेल्या हरणाची भलीमोठी शिंगं. गावच्या शिकाऱ्यांच्या प्रदर्शनात मापावर गुण मिळतात, गुणांवर पदक. म्हणून आधी घरी मोजून बघायची. या कामाला सासऱ्यांनी आजवर पोटच्या पोराला, माटियासलाही हात लावू दिला नव्हता. आणि आज बोलावलं कुणाला, तर पुण्याच्या सुनेला, तीही मटणाला न शिवणारी. लग्नात म्हातारा तोंड फुगवून बसला होता. आत्ता कुठे सूत जुळत होतं.

आता झाली का पंचाईत! पापांना नीट दिसत नाही, असा माटियासला संशय होता. पण बापाला विचारायची छाती नव्हती, बंदूक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. खरं बोलावं तर जोडलेलं नातं तुटणार. गप्प बसावं तर हे उद्या पुन्हा बंदूक घेऊन रानात जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अंगणात तिची चार वर्षांची अन्वी ओपाच्या, म्हणजे आजोबांच्या, कुत्र्याशी जर्मनमध्ये भांडत होती.

सासऱ्यांनी दुसरं शिंगही असंच वाढवून वाचलं.

"पापा, नव्वद आहेत," तिनं पेन खाली ठेवलं. "आत्ताही तुम्ही चुकलात. तुम्हाला दिसत नाहीये."

म्हाताऱ्यानं टेप गुंडाळला. आता आपल्याला दार दाखवणार, असं तिला वाटलं. मग ते मटकन खुर्चीत बसले.

"माटियास माझं मन राखतो. तू राखणार नाहीस, म्हणून तुला बोलावलं. उद्या मला पोलिसांकडे घेऊन चल, बंदुका जमा करायच्यात."

ती गोंधळली. एका मापावरून एवढं टोकाला कशाला जायचं, चष्मा बदलून बघू, असं काहीबाही बोलत राहिली.

सासऱ्यांनी मान हलवली.

"रविवारी घरामागच्या झुडपात हरीण हललं. मी नेम धरला, बोट चापावर होतं. तेवढ्यात झुडपातून अन्वी हसली. म्हणाली, ओपा, मी तुला दिसलेच नाही ना?"