आतल्या खोलीतलं तान्हं

गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात सर्वण गावात डास मारायची फवारणी सुरू झाली. भिकाजी पाठीवर पंप घेऊन ओसरीवर चढला, तशी मंजुळाकाकी आतल्या खोलीचं दार अडवून उभी राहिली.

"सगळा घर फवार, पण ही खोली नको. आत तान्हा आसा."

"आणि बाळंतीण?"

"ती गेली."

भिकाजीने मान खाली घातली. खडूने दारावर 'तान्हं बाळ, फवारणी नको' असं लिहिलं आणि पाय न वाजवता निघून गेला.

पंधरा दिवसांनी तो लोकरीचं टोपडं घेऊन आला. "बायलेन विणल्यान. पोराक आवस नाय म्हणान."

आता काकीला लपवता येईना. तिने पदराआडून सशाचं पिल्लू काढून त्याच्यापुढे धरलं. "मुंग्यांक मारूची पावडर मीच टाकलंय रे, पिंजऱ्याखाली. पायांक लागली ती हेच्या आवशीन चाटल्यान. सांजेक गेली."

भिकाजी एकदा टोपड्याकडे, एकदा पिल्लाच्या कानांकडे बघत राहिला.

"कातर दी, काकी," तो म्हणाला. "कानांक वाट करूया."